हिरवा दिवा लागेपर्यंत

३ तारीख, सोमवार

दुपारी जेवून एका कुशीवर आडवे झाले आणि कान उशीत रुतला, की दुरून कुणीतरी चालत येत असल्यासारखा आवाज येतो. धप, धप, धप. हा अनुभव बहुधा सर्वांनाच असतो. मान उचलली की पावले थांबतात. कान पुन्हा टेकवला की तो इसम पुन्हा चालू लागतो. आपण घाबरलो तर तो चक्क पळत सुटतो. हा आहे तरी कोण? आणि इतकी वर्षे चालूनही तो आपल्या खोलीपर्यंत का पोहोचत नाही?

आज नव्या घरातली पहिलीच दुपार, आणि ताई नेमकी याच कारणाने दचकून उठली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडेच असते आणि बदली कुठेही झाली तरी आधी तिची बांधाबांध होते, मग माझी. जिन्यात कुणीतरी आहे गं, असे ती म्हणाली. मी तिला समजावले की तो जिना तिच्याच छातीत आहे. तोफ उडाली की तोफगाडा मागे सरकतो. तसे हृदय दर ठोक्याला रक्त वर ढकलते आणि सबंध शरीराला खाली एक सूक्ष्म धक्का बसतो. तो धक्का गादीत, पलंगात, फरशीतही उतरतो. माणूस जिथे टेकलेला असतो, तिथे त्याचे हृदय दार ठोठावत असते.

ताईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, जिन्यात कोण आहे एवढंच विचारलं होतं, तू तर अख्खा धडा घेतलास. तुझ्या रोजनिशीला फळा आणि खडू तेवढा कमी आहे. खरे आहे. दहा वर्षे शिकवल्यानंतर समोर वर्ग बसला आहे असे मानल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. तर मुलांनो, ते ठोके आपलेच आहेत की दुसऱ्या कुणाचे, हे ओळखण्याची एक अगदी सोपी चाचणी आहे. ती यथावकाश सांगेन.

घर पहिल्या मजल्यावर आहे. खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. मागच्या गॅलरीतून तपासणी नाक्याचे आवार दिसते, तिथे ट्रक ओळीने उभे असतात. ताईने त्यांना शेजारी म्हणायला सुरुवातही केली आहे. गॅलरीत दोरी बांधून झाली. दूधवाला ठरला. मी फार आनंदात आहे.

५ तारीख, बुधवार

लपलेली माणसे शोधणारे माझे यंत्र बसवायला मी इथे आले आहे, म्हणून सीमेवरच्या या नाक्याचे काम आज नीट समजून घेतले.

पूर्वी पलीकडची माणसे हंगामापुरता परवाना घेऊन, चालकाच्या शेजारी बसून, राजरोस इकडे येत आणि काम संपले की परत जात. मग परवाने बंद झाले. काम मात्र बंद झाले नाही. इकडच्या भट्ट्यांना आणि शेतांना हात हवेतच. त्यामुळे तीच माणसे आता पोत्यांच्या मागे बसून येतात. समोरचे दार लावले की माणूस नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. धोरण आखताना ही गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली पाहिजे.

सापडलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न आणखी कठीण. त्याला कोठडीत ठेवायचे, खायला घालायचे, डॉक्टरला दाखवायचे आणि पलीकडच्यांना लिहायचे की आपला माणूस घेऊन जा. पलीकडचे कळवतात, हा आमचा नाहीच. कोठडी गच्च भरली आहे. नाक्याचे साहेब स्वभावाने हसरे आहेत. ते म्हणाले, मॅडम, तुमचं यंत्र माणूस शोधतं ते ठीक, पण त्याला ठेवायला खोली शोधतं का?

माझे यंत्र साधे आहे. ट्रकचे इंजिन बंद करायचे, चालकाला उतरवायचे, कुणी ट्रकला हात लावायचा नाही. चासीला, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याला, चार सेन्सर लोहचुंबकाने चिकटवायचे. टायर आणि स्प्रिंग यांच्यामुळे ट्रक म्हणजे एक प्रचंड गादीच असते. आत कुणी लपले असेल तर त्याच्या हृदयाचे धक्के चासीपर्यंत पोहोचतात आणि यंत्रावर लाल दिवा लागतो. नाही तर हिरवा. कोणी जखमी होत नाही, मालाचे नुकसान होत नाही. यापेक्षा सभ्य तपासणी मला सुचत नाही.

आतापर्यंत तपासणी सळईने होत आली आहे. पुरुषभर उंचीची, टोकदार, लोखंडी सळई मालात खुपसायची. ती चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणतात, साहेबसुद्धा.

६ तारीख, गुरुवार

सळई पाहिली. क्रमाने लिहिते, म्हणजे लिहिता येईल.

कापडाच्या गठ्ठ्यांचा ट्रक होता. मामांनी सळई खुपसली, ओढली, टोक पाहिले. थोडी बाजूला खुपसली, ओढली, पाहिले. पुढच्या खेपेला सळई परत येईना. आतून कुणीतरी ती धरली होती. मामांनी ट्रकच्या फळीला पाय लावला आणि दोन्ही हातांनी हिसडा दिला. आतून जो आवाज आला तो मी कधीही विसरणार नाही. गठ्ठे खाली ओढले तेव्हा एक तरुण बाहेर कोसळला. सळई मांडीतून आरपार गेली होती आणि ती धरून ठेवताना दोन्ही तळवे हाडापर्यंत चिरले होते. शिपायांनी त्याला बुटांनी तुडवले. एकजण डोक्यावरची टोपी कधीच काढत नाही, म्हणून त्याला टोपी म्हणतात. तो सर्वांत शांतपणे मारत होता, चहा ढवळावा तसा. तरुणाने चिरलेल्या हातांनी डोके झाकले होते. ते हात गळून पडेपर्यंत मार चालला. मग मामांनी सळई फडक्याने पुसली, तेलाचा हात फिरवला आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली.

मी शेडच्या मागे जाऊन ओकले. मामा पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि समजूत घालत म्हणाले, होतं पोरी, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच होतं.

मी साहेबांना तिथेच विचारले, यंत्र अचूक ठरले तर सळई कुलपात जाईल का? ते म्हणाले, जाईल, किल्लीही तुमच्याकडे ठेवा. आता मला दुसरे काही नको. ही सळई पुन्हा कोणाच्या अंगात शिरता कामा नये.

१० तारीख, सोमवार

जिंकले! टोपीला धान्याच्या ट्रकमध्ये पोत्यांमागे बसवले, सेन्सर लावले, सर्वांना दूर उभे केले. चहाचा घोट घेऊन होतो न होतो तोच लाल दिवा. टोपीला हृदय आहे हे सरकारदरबारी सिद्ध झालं, असे साहेब म्हणाले आणि सगळा नाका हसला. रिकाम्या ट्रकला हिरवा. पुन्हा टोपी, पुन्हा लाल. नंतर मी टोपीलाच यंत्र चालवायला शिकवले. हात स्थिर आहे त्याचा, सूचना शब्दशः पाळतो. असा विद्यार्थी मिळणे भाग्याचे.

सळई कपाटात बंद झाली. किल्ली माझ्या कमरेला आहे. मामा म्हणाले, माझा उजवा हात कुलपात घातलात मॅडम, आता मी काय गाढवं राखू?

१३ तारीख, गुरुवार

एक अडचण. वारा सुटला की ट्रक डोलतो आणि यंत्र लाल दाखवते. सीलबंद ट्रक उघडायचा तर वरून परवानगी लागते. उघडून आत नुसते डबे निघाले की साहेबांची वरून खरडपट्टी निघते, आणि मग सळई बाहेर काढण्याची भाषा सुरू होते. ते होऊ देणार नाही.

विचार करून मी नियम तयार केला. लाल आल्यास ट्रक आवारात उभा ठेवावा. वारा पडल्यावर पुन्हा चाचणी घ्यावी. शेवटची चाचणी खरी मानावी. कारण उघड आहे: वारा बदलतो, हृदय बदलत नाही. आत माणूस असेल तर लाल कायम राहील. वारा असेल तर हिरवा होईल. साहेबांनी तो नियम मोठ्या अक्षरांत शेडमध्ये लावला, खाली माझी सही घेऊन. टोपीने तो पाठ केला.

१५ तारीख, शनिवार

एका बंद कंटेनरला सकाळी लाल. वारा होताच. आवारात उभा केला. दुपारी पुन्हा लाल, अजून वारा. ऊन मात्र भयंकर. डांबरावर चप्पल चिकटते आहे. चालक टायरच्या सावलीत बसून विड्या ओढत होता आणि ट्रककडे बघत नव्हता.

ताई कपडे वाळत घालताना म्हणाली, तुझा तो शेजारी आतून वाजतोय गं. मी गॅलरीत जाऊन ऐकले. खरोखरच टक् टक् आवाज येत होता. पण त्यात नवल काही नाही. पत्रा उन्हाने तापला की प्रसरण पावतो, सांध्यावर अडतो आणि अचानक सुटतो. तेव्हा असाच आवाज होतो. आपल्या शेडचे छपरसुद्धा वाजते. ताई म्हणाली, छपराला श्वास लागत नाही. म्हणजे काय, असे मी विचारले, तोवर ती रिकामी बादली घेऊन आत गेली होती.

१६ तारीख, रविवार

सकाळी हवा स्तब्ध. आवाज थांबला होता. चाचणी: हिरवा. कंटेनर सोडला. नियम बरोबर ठरला!

१९ तारीख, बुधवार

तो कंटेनर माल उतरवण्याच्या गोदामात उघडला गेला.

मला साहेबांबरोबर जावे लागले. दार उघडताच हमाल मागे धावले. आत लपलेली माणसे दारापाशी एकमेकांवर होती, ढिगासारखी. खालच्या माणसांची तोंडे वरच्यांच्या गुडघ्यांखाली चिरडली होती. दाराच्या रबरी पट्टीत दात रुतलेले होते. पत्र्यावर आतल्या बाजूने खांद्याएवढ्या उंचीपर्यंत रक्ताच्या उभ्या रेघा होत्या, आणि रेघांच्या शेवटी नखे. एका बाईने केसातली पिन सांध्यात घालून वळवायचा प्रयत्न केला होता; ती तिच्या बोटात वाकून बसली होती.

टक् टक्. पत्रा प्रसरण पावतो. मी सांगितले होते.

हृदय बदलत नाही, असे मी लिहिले. हृदय थांबते. हे मला, मला सुचले नाही. तोफ, तोफगाडा, टायर, स्प्रिंग सगळे सुचले. हे नाही.

परतताना नाका दिसू लागला तसे साहेब म्हणाले, मॅडम, मनाला लावून घेऊ नका, यंत्र चुकलं नाही. शेवटच्या चाचणीच्या वेळी आत हृदय नव्हतंच ना? मग हिरवा बरोबर आहे.

२० तारीख, गुरुवार

आता सगळ्याच ट्रकना हा नियम. वारा असो, नसो. लाल आला की उन्हात उभा करायचा, हिरवा लागेपर्यंत. साहेब म्हणाले, कोठडीत जागा नाही, पलीकडचे घेत नाहीत, वरचे विचारतात किती सापडले. आता कोणीच सापडणार नाही. सगळे खूश.

मी शेडमधला नियम फाडला. टोपीने तुकडे गोळा केले आणि नम्रपणे म्हणाला, राहू दे बाई, मला पाठ आहे.

दुपारी आडवी झाले. उशीत पावले. आज फार होती. एकाची नव्हे. सवयीने मनगटावर बोटे ठेवली. जुळेनात.

२१ तारीख, शुक्रवार

आवाराच्या रिकाम्या कोपऱ्यात जमिनीवर सेन्सर ठेवला. लाल. शेडच्या खांबाला लावला. लाल. जेवणाच्या टेबलाला, ताई आणि मी दोघी खोलीबाहेर उभ्या राहून. लाल. ताई म्हणाली, हे यंत्र माहेरी परत पाठव. हसायचा प्रयत्न होता तो.

वरच्या कार्यालयाला फोन केला. समोरच्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, चुकीचा हिरवा किती वेळा आला? एकदाही नाही, म्हणाले मी. मग तक्रार कशाबद्दल आहे, असे त्याने विचारले.

आवारात पिठाच्या पोत्यांचा एक ट्रक आहे. सकाळपासून लाल. वाजतो आहे.

२२ तारीख, शनिवार, सकाळ

पिठाचा ट्रक अजून लाल. अजून वाजतो. म्हणजे अजून —

मामांकडे गेले. किल्ली त्यांच्या हातात दिली. सळई काढा, म्हणाले. हे मी म्हणाले, मी. मामा म्हणाले, तुमच्यासाठी नाही मॅडम, तुमचं यंत्र खोटं पाडायला येतो. तोंडाने असे, पण किल्ली कपाटाला लागलीही होती.

ताई खाली पाण्याची कळशी घेऊन उभी राहणार आहे. कुलूप सळईने उचकटायचे. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. माणसे बाहेर आली की कुणाला ती दिसली नाहीत असे म्हणता येणार नाही.

२२ तारीख, दुपार

मी ट्रकमध्ये आहे.

क्रमाने. कुलूप तुटले. दार उघडले. पोत्यांची भिंत. मी वर चढून पोती ढकलली. मागे माणसे. डोळे. एका बाईने माझे मनगट धरले, सोडेना. मी ओढत होते आणि मागे आवाज झाला. मामा. टोपीने काठी घातली — डोक्यात — एकदाच नाही. मामांनी सळई उगारली नाही. ती हातात होती, तरी नाही. कलिंगड पडल्यासारखा आवाज. मग त्यांच्याच सळईने त्यांना — पाहिले मी — पोटात — फळीला पाय लावून ओढली, मामा ओढायचे तशीच.

दार बंद झाले.

मी ओरडले, टोपी, मी आहे, मॅडम. तो बाहेरून म्हणाला, माहीत आहे बाई.

काळोख. सळईचे एक भोक आहे, मागच्या कधीतरीचे. त्यातून उजेडाची काडी येते. रोजनिशी बरोबर होती, त्या उजेडात लिहिते.

नंतर

ताईचा आवाज. ट्रकवर मुठी. माझी बहीण आहे आत, मेल्यांनो, उघडा. साहेबांचा आवाज, हसरा: ताई, चाचणी चालू असताना ट्रकला हात लावायचा नसतो. नियम माझा. कळशी पडली. पाणी, ते पाणी बाहेर सांडले, मी ऐकले. केस धरून नेत असावेत. टाचा घासत गेल्या. माझं नाव घेत होती. मग काठीचा आवाज, ओला. मग नाव नाही.

ताई

नंतर

चासीला चिकटले. एक, दोन, तीन, चार. काय स्वच्छ आवाज.

लाल. नक्कीच लाल. आम्ही सगळे लाल आहोत.

कोणी उघडले नाही. टोपी कुणाला तरी समजावून सांगतो आहे. लाल आल्यास उभा ठेवावा. उत्तम सांगतो. शब्दशः.

नंतर

पत्र्याला हात लावला की कातडी चिकटून राहते. पीठ घशात. म्हातारा माणूस मघाशी दारावर डोके आपटत होता. आता नाही. मनगट धरणारी बाई माझ्या मांडीवर. तिची भाषा मला येत नाही. आम्ही ठोठावतो. मी, ती, मग मीच. बाहेर कुणीतरी नवीन विचारतो, आत काय वाजतं. उत्तर आले, पत्रा. तापला की वाजतो.

नंतर

तिचा हात सुटला.

कान फळीला. धप धप धप. किती. खालून. जमिनीतून. गोदामातली ती, सगळी, चालत येतात. इतकी वर्षे पोहोचत नव्हती. आता —

मनगटावर बोटे. शोधते. माझा कुठे

उजेडाची काडी सरकली. अक्षर दिसत नाही. मुलांनो, ती चाचणी. सांगायची राहिली. सोपी आहे. कुशीवर निजा. कान उशीला. दोन बोटे मनगटावर. श्वास रोखा. मोजू नका, फक्त जुळतात का पाहा. उशीतला ठोका आणि बोटाखालचा. जुळले तर तुमचाच आहे, स्वस्थ झोपा. नाही जुळले तर पत्रा आहे असं म्हणू नका, वारा आहे म्हणू नका, थांबू नका, उठा आणि जे दार जवळ असेल ते दार उघ—